पडद्यावर सगळं हिरवं असताना

ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीहून तुर्भ्याकडे निघालं, की रबाळे, घणसोली, महापे या पट्ट्यात मधूनमधून मोठ्या, जवळजवळ बिनखिडक्यांच्या इमारती दिसतात. गच्चीवर ओळीने चिलर, मागच्या अंगाला एकाशेजारी एक उभे केलेले डिझेल जनरेटर, फाटकावर कडक तपासणी, आणि आत माणसांची वर्दळ फारच कमी. ही डेटा सेंटरं. देशातल्या डेटा सेंटरांचा सगळ्यात मोठा जमाव मुंबई-नवी मुंबईत आहे. परदेशातून समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्यावर वर येतात, बँका आणि शेअर बाजार इथेच आहेत, आणि एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश काढल्यावर जागेची मागणी आणखी वाढली. आपण भाजीवाल्याला मोबाइलवरून वीस रुपये पाठवतो, तो व्यवहारही देशातल्या अशाच कुठल्या तरी इमारतीतून जातो.

अशा इमारतीत भाडेकरू पैसे मोजतो ते मुख्यतः दोन गोष्टींसाठी: कधीही न जाणारी वीज आणि कधीही न तापणारी हवा. करारात टक्के लिहिलेले असतात. ९९.९ टक्के ऐकायला भरपूर वाटतात, पण वर्षाच्या ८,७६० तासांत ते पावणेनऊ तासांचा खंड चालवून घेतात. ९९.९९९ टक्के म्हटलं तर वर्षाकाठी जेमतेम सव्वापाच मिनिटं उरतात. तेवढ्यात बिघाड कळायचा, कुणी जागेवर पोचायचं, कारण शोधायचं आणि दुरुस्ती करायची, हे माणसाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून बिघाडाचा माग तो होण्याआधीच काढावा लागतो. हा माग काढणाऱ्या यंत्रणेविषयी, आणि तिच्यावर किती भिस्त ठेवावी याविषयी हे प्रकरण आहे.

१२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली. कळवा-पडघा ४०० केव्ही वाहिनीच्या एका सर्किटची दुरुस्ती चालू होती, तिचा भार दुसऱ्या सर्किटवर होता आणि त्या दुसऱ्यातच बिघाड झाला. लोकल जागच्या जागी थांबल्या. अशी वीज जाते तेव्हा डेटा सेंटरच्या आत जे घडतं ते सेकंदासेकंदाने पाहण्यासारखं असतं. सर्व्हरना वीज आधीपासूनच यूपीएसमधून मिळत असते. बाहेरचा पुरवठा तुटला की यूपीएस तीच वीज बॅटऱ्यांमधून ओढायला लागतो आणि सर्व्हरला काही कळतही नाही. हा नुसता झटका आहे की वीज खरोखर गेली, याची खात्री करायला यंत्रणा काही सेकंद थांबते. मग जनरेटरना सुरू होण्याचा हुकूम जातो. डिझेल इंजिन धडधडतं, मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर स्थिरावतं, जनरेटर एकमेकांशी जुळवून घेतात, ब्रेकर बसतात. सगळं सुरळीत असेल तर हे अर्ध्या मिनिटाच्या आत होतं. चिलरना मात्र पुन्हा पूर्ण ताकदीवर यायला काही मिनिटं लागतात. तोवर मोठ्या टाक्यांमध्ये साठवलेलं थंड पाणी पंपांनी फिरवत ठेवतात. बॅटऱ्या बहुतेक ठिकाणी ५ ते १५ मिनिटं पुरतील एवढ्याच बसवलेल्या असतात, म्हणजे इंजिनाने दगा दिला तर तेवढाच अवधी हाताशी.

हे सगळं शिफ्ट इंजिनिअर एका खोलीत बसून पाहत असतो. भिंतीवर पडदे, पडद्यांवर इमारतीचा नकाशा, आणि नकाशावर हजारो बिंदू. प्रत्येक ब्रेकरची स्थिती, प्रत्येक फीडरचा प्रवाह, पाण्याचा दाब, हवेचं तापमान, डिझेलची पातळी. ठीक असेल ते हिरवं, लक्ष द्यायचं ते पिवळं, बिघडलेलं ते लाल. ही यंत्रणा थोर आहे, ती नसती तर एवढ्या इमारती चालवणं अशक्य होतं. पण हिरव्या बिंदूचा अर्थ मर्यादित असतो. यंत्राला जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर बरं आलं, इतकंच तो सांगतो. प्रश्न अपुरा असेल, किंवा भलत्याच जागी विचारलेला असेल, तरी बिंदू हिरवाच राहतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांतले मोठे अपघात पाहिले तर त्यांतले बरेचसे या फटीतून घुसलेले आहेत.

सगळ्यात साधं उदाहरण बॅटरीचं. यूपीएसच्या शेजारच्या खोलीत १२ व्होल्टच्या ४० बॅटऱ्या एकीला दुसरी जोडून ४८० व्होल्टची एक स्ट्रिंग केलेली असते, आणि अशा बऱ्याच स्ट्रिंग असतात. चार्जर चालू असताना प्रत्येक बॅटरीवर मीटर लावला तर साडेतेरा व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. बॅटरी आतून सुकत चालली असली तरी तो आकडा जवळपास तसाच राहतो, कारण तो खरं तर चार्जरचा आकडा असतो. बॅटरीची लायकी तिच्याकडून वीज मागितल्यावरच कळते. आणि एका स्ट्रिंगमधली एकच बॅटरी आतून तुटली तरी उरलेल्या ३९ चांगल्या बॅटऱ्यांचा काही उपयोग होत नाही. म्हणून नुसता व्होल्टेज पाहणाऱ्या यंत्रणेवर जाणकार समाधान मानत नाहीत. ते प्रत्येक बॅटरीचा अंतर्गत रोध ठरावीक काळाने मोजतात आणि बसवल्या दिवशीच्या आकड्याशी ताडून पाहतात. तो चढायला लागला की बॅटरी थकली. खोलीचं तापमानही तितकंच महत्त्वाचं. शिसे-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंश सेल्सियसला धरून सांगतात, आणि त्यावर दर ८-१० अंशांना ते साधारण निम्मं होतं. आपल्या हवेत बॅटरीच्या खोलीचा एसी बंद ठेवून विजेची काटकसर करणारा माणूस पुढच्या खरेदीचा खर्च आजच ओढवून घेत असतो.

आता लिथियम-आयन बॅटऱ्या आल्या आहेत. जागा कमी घेतात, जास्त टिकतात, आणि बिघडल्या तर पेटतात. दक्षिण कोरियात सेऊलजवळच्या पांग्यो इथे एसके सी अँड सी कंपनीचं डेटा सेंटर होतं. १५ ऑक्टोबर २०२२ च्या शनिवारी दुपारी त्याच्या तळघरातल्या बॅटऱ्यांना आग लागली. त्या इमारतीत काकाओ कंपनीचे सुमारे ३२,००० सर्व्हर होते. काकाओटॉक हे कोरियात जवळपास प्रत्येकाच्या फोनवर असलेलं संदेश पाठवण्याचं ॲप. निरोप, टॅक्सी, पैसे, ओळख पटवणं, सगळंच ठप्प झालं. सेवा पूर्ववत व्हायला १२७ तास ३० मिनिटं लागली, आणि काकाओच्या दोन प्रमुखांपैकी नामकुंग व्हॉन यांनी राजीनामा दिला.

डिसेंबरमध्ये कोरियाच्या विज्ञान मंत्रालयाने चौकशीचे निष्कर्ष जाहीर केले. ते प्रत्येक डेटा सेंटर चालकाने मुळातून वाचावेत असे आहेत. बॅटऱ्यांवर देखरेख करणारी यंत्रणा तिथे होती. आग लागेपर्यंत तिने कसलंच वेगळं लक्षण दाखवलं नव्हतं. आग विझवणारा वायू सुटला, पण लिथियम-आयनची आग त्याला आवरली नाही. बॅटऱ्यांच्या डोक्यावरूनच वीजवाहक केबल गेलेल्या होत्या, त्या जळाल्या. पाणी मारायचं तर सगळी वीज बंद करावी लागली. आणि काकाओच्या बाजूने पाहिलं तर काम दुसऱ्या जागी हलवायला लागणारी साधनंच पांग्योत एकवटलेली होती. देखरेखीचा पडदा कितीही चांगला असता तरी केबलची ती वाट त्यावर दिसली नसती. नकाशा हातात घेऊन, खोलीत उभं राहून, वर बघून 'इथे आग लागली तर काय काय जाईल' असं कुणी विचारलं असतं तरच ती दिसली असती.

तीन वर्षांनी, २६ सप्टेंबर २०२५ रोजी, त्याच देशात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवणाऱ्या जी-ड्राइव्हमधली ८५८ टेराबाइट माहिती कायमची गेली, कारण तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. पांग्योचा अहवाल घरातच असताना हे घडावं याचं मला फार वाईट वाटतं.

डेटा सेंटरमध्ये प्रत्येक महत्त्वाची गोष्ट दोन असते: दोन फीडर, दोन यूपीएस, सर्व्हरच्या पाठीत विजेच्या दोन वायरी. त्या दोन वायरी दोन वेगळ्या वाटांना जोडल्या आहेत की नाही, हे मात्र कुणीतरी तपासावं लागतं. ८ ऑगस्ट २०१६ रोजी अटलांटामध्ये डेल्टा विमान कंपनीच्या डेटा सेंटरची वीज गेली. पर्यायी वीज होती. पण सुमारे ७,००० उपकरणांपैकी ३०० च्या आसपास उपकरणं त्या पर्यायी विजेला नीट जोडलेलीच नव्हती. तेवढी बंद पडली आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली बाकीची अडकून बसली. तीन दिवसांत दोन हजारांवर विमानं रद्द झाली, १५ कोटी डॉलरांचा फटका बसला. जोवर पहिली वीज चालू होती तोवर ती ३०० उपकरणंही पडद्यावर हिरवीच होती.

मुंबईनेही असा दिवस पाहिला आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबवावे लागले. बाजाराकडे दोन वेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या होत्या, आणि दोन्ही एकाच दिवशी डळमळल्या. व्यवहार पुन्हा सुरू झाले ते पावणेचारला, आणि बाजार पाच वाजेपर्यंत चालवावा लागला. दोन कंपन्यांची बिलं येतात म्हणून वाटा दोन आहेत असं समजणं किती महागात पडतं, हे त्या दिवशी देशातल्या प्रत्येक दलालाला कळलं.

विजेनंतर हवा. सर्व्हरमध्ये शिरलेल्या विजेचा जवळजवळ प्रत्येक युनिट शेवटी उष्णता होऊन बाहेर पडतो. १० किलोवॅटचा एक रॅक म्हणजे एका कपाटात दोन किलोवॅटचे पाच गिझर दिवसरात्र चालू. अशी शेकडो कपाटं एका दालनात असतात, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी बनवलेला एकेक रॅक १०० किलोवॅटच्याही पुढे गेला आहे. तिथे हवा पुरत नाही, थेट चिपपर्यंत द्रव न्यावा लागतो, आणि तो प्रवाह थांबला तर हालचालीला वेळच उरत नाही.

अमेरिकेतली ॲशरे ही वातानुकूलन अभियंत्यांची संस्था सर्व्हरसाठी १८ ते २७ अंश सेल्सियस तापमान सुचवते. हे तापमान सर्व्हरच्या तोंडाशी मोजायचं असतं, आणि इथेच गल्लत होते. भिंतीवरचा सेन्सर २२ दाखवत असताना रॅकच्या वरच्या भागातले सर्व्हर ३० अंशांची हवा ओढत असू शकतात. रॅक समोरासमोर ठेवून मधल्या गल्लीत थंड हवा सोडतात, गरम हवा मागच्या गल्लीत पडते. पण रॅकमध्ये सर्व्हर काढून घेतलेली एखादी रिकामी जागा उघडी राहिली, की मागची गरम हवा त्या फटीतून पुढे येते किंवा रॅकच्या डोक्यावरून वळसा घालते. उपाय म्हणजे त्या जागेवर बसवायची प्लास्टिकची किंवा पत्र्याची साधी पट्टी, ब्लँकिंग पॅनेल. ती बसवलेली नाही म्हणून वरचे सर्व्हर तापतात, ते तापले म्हणून कुणीतरी अख्ख्या दालनाचा एसी दोन अंशांनी खाली आणतो, आणि त्या दोन अंशांचं बिल वर्षानुवर्षं भरलं जातं. म्हणून रॅकच्या पुढच्या दारावर खाली, मध्ये आणि वर असे तीन सेन्सर लावणं ही या धंद्यातली सगळ्यात फायद्याची गुंतवणूक आहे असं माझं ठाम मत आहे.

थंडावा कसा हातातून निसटतो ते सिंगापूरने १४ ऑक्टोबर २०२३ ला पाहिलं. डीबीएस आणि सिटी या दोन बँका इक्विनिक्स कंपनीच्या ज्या डेटा सेंटरमध्ये होत्या, तिथे शीतकरणाच्या यंत्रणेत सुधारणेचं ठरलेलं काम चालू होतं. कंत्राटदाराकडून थंड पाण्याच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद करण्याचा चुकीचा संदेश गेला. व्हॉल्व्ह निमूटपणे बंद झाले, दालनं तापली. दोन्ही बँकांनी आपापली पर्यायी केंद्रं सुरू करायला घेतली. डीबीएसला नेटवर्कच्या चुकीच्या मांडणीने अडवलं, सिटीला जोडणीच्या अडचणीने. २५ लाख पैशांचे आणि एटीएमचे व्यवहार पूर्ण होऊ शकले नाहीत, असं नंतर सिंगापूरच्या संसदेत सांगण्यात आलं. पर्यायी केंद्र कागदावर होतं, इमारतही होती. ऐन वेळी मात्र ते हाताला लागलं नाही.

व्हॉल्व्हचा विषय निघाला की मला २८ मार्च १९७९ ची थ्री माइल आयलंडची घटना आठवते. तो अमेरिकेतला अणुवीज प्रकल्प, डेटा सेंटरशी त्याचा संबंध नाही, पण देखरेखीचा धडा तिथला सगळ्यात जुना आणि सगळ्यात स्पष्ट आहे. दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडा अडकला होता. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र तो बंद असल्याचं सुचवत होता, कारण तो दिवा व्हॉल्व्हला गेलेल्या हुकुमाला जोडलेला होता, व्हॉल्व्हच्या प्रत्यक्ष स्थितीला नव्हे. त्यात काही मिनिटांत शंभरावर अलार्म वाजले आणि त्यांत महत्त्वाचा कोणता ते ओळखणं माणसांना जमेना. आजही नव्या इमारतीची यंत्रणा स्वीकारताना प्रत्येक बिंदूबाबत हे विचारावं लागतं: हा बिंदू हुकूम दाखवतो की स्थिती? पंप 'चालू' दिसतोय म्हणजे त्याला वीज मिळतेय, त्याची मोटर फिरतेय, की पाइपमधून खरंच पाणी वाहतंय? तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खात्री फक्त शेवटची देते.

अलार्मचंही तसंच. दिवसाला शेकडो पिवळ्या ओळी येत असतील तर शिफ्टवरचा माणूस त्या न वाचता मान्य करायला शिकतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. ज्या अलार्मवर कुणी काहीच करायचं नसतं तो अलार्म नोंदवहीत जावा, पडद्यावर येऊ नये. आणि मुख्य फीडर गेला म्हणून खालचे ३०० अलार्म वाजले तर यंत्रणेने वरचा एकच पुढे करावा. हे बसवायला पैसे फारसे लागत नाहीत, धीराने बसून प्रत्येक ओळीचा विचार करणारा माणूस लागतो. शिवाय पाहणारी यंत्रणा ज्याला पाहते त्याच्यावरच अवलंबून असू नये. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचं स्वतःचं नेटवर्क एका चुकीच्या हुकुमाने तुटलं, तेव्हा दुरुस्तीची आतली साधनंही त्याच नेटवर्कवर असल्याने बंद पडली. इंजिनिअरांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं, आणि सेवा परत यायला सुमारे सहा तास गेले.

काही गोष्टी तर कोणत्याच पडद्यावर दिसत नाहीत. खाडीकाठच्या हवेत हायड्रोजन सल्फाइड असतो, कारखान्यांच्या पट्ट्यात आणखी काही वायू असतात, आणि पावसाळ्यात या सगळ्याला दमटपणाची साथ मिळते. चांदी आणि तांबं या हवेत गंजतात. जुलै २००६ पासून युरोपने उपकरणांतल्या शिशावर बंदी घातल्यावर सर्किट बोर्डांवर चांदीचा मुलामा वाढला, आणि गंजाचा धोकाही. यावरची देखरेख अगदी जुन्या वळणाची आहे. तांब्याची आणि चांदीची एकेक चकचकीत पट्टी दालनात टांगायची, महिनाभराने काढून प्रयोगशाळेत पाठवायची, आणि तिच्यावर गंजाचा थर किती जाड चढला ते मोजून घ्यायचं. तांब्यावर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमच्या आत असेल तर हवा चांगली. काळवंडलेली पट्टी हातात घेतल्यावर इंजिनिअरला जे कळतं ते सेन्सरचा आलेख पाहून कळत नाही. नवी मुंबईत फिल्टर केव्हा बदलायचे हे तिला विचारूनच ठरवावं.

आता काटकसरीकडे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का. ती नीट वापरली जाते का हे मोजायला २००७ पासून पीयूई हा आकडा रूढ झाला. इमारतीत आलेल्या एकूण विजेला सर्व्हर-नेटवर्कला मिळालेल्या विजेने भागायचं. उत्तर १ आलं तर काहीच वाया गेलं नाही. जगाची सरासरी गेली काही वर्षं १.५ ते १.६ च्या घरात अडकून आहे, गूगल आपल्या डेटा सेंटरांची सरासरी १.१ च्या आसपास सांगतं. १,००० किलोवॅटच्या सर्व्हरभारावर पीयूई १.६ वरून १.४ वर आणला तर वर्षाला साडेसतरा लाख युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरले तरी हे १ कोटी ४० लाख रुपये झाले. मुंबईच्या दमट हवेत थंड देशांसारखी बाहेरची हवा आत घेऊन भागत नाही. इथे बचत येते ती चिलरचं पाणी थोडं कमी गार ठेवून. पाण्याचं तापमान एका अंशाने वाढवलं की चिलरची वीज साधारण २ ते ३ टक्क्यांनी घटते. अर्थात सर्व्हरच्या तोंडाशी सेन्सर असतील तरच हे धाडस करता येतं.

पण पीयूईच्या मागे आंधळेपणाने लागू नये. वरच्याच उदाहरणात एकूण वीज १,६०० किलोवॅट आहे. दालन थोडं गरम ठेवलं आणि शीतकरणाची वीज काही घटली नाही, पण सर्व्हरच्या आतले पंखे जोरात फिरून २० किलोवॅट जास्त ओढायला लागले, तर १,६२० ला १,०२० ने भागून १.५९ येतं. बिल वाढलं आणि पीयूई सुधारला. उलट, काहीच काम न करणारे १०० किलोवॅटचे जुने सर्व्हर बंद करून टाकले आणि त्यामुळे शीतकरणाची ३० किलोवॅट वीजही वाचली, तर १,४७० भागिले ९००, म्हणजे १.६३. एकूण वीज १३० किलोवॅटने घटली, आणि वार्षिक अहवालात मात्र कामगिरी खालावलेली दिसते. ही काल्पनिक भीती नाही. जोनाथन कुमी आणि जॉन टेलर यांनी २०१५ मध्ये सुमारे ४,००० सर्व्हर तपासले, तेव्हा त्यांतल्या ३० टक्के सर्व्हरनी सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ कुणाचंही काम केलेलं नव्हतं. ते चालू होते, थंड ठेवले जात होते, पडद्यावर निरोगी दिसत होते. ते कुणाचे हे माहीत नसल्याने बंद करायची कुणाची छाती होत नव्हती. कोणता सर्व्हर कोणत्या रॅकमध्ये, कुणाचा, कशासाठी, कुठल्या वायरीवर, ही नोंद रोजच्या रोज खरी ठेवणं हे कंटाळवाणं काम आहे, पण डेल्टाचे ते ३०० आणि हे ३० टक्के, दोन्ही आजारांवर औषध तेच आहे.

संगणकाला शीतकरण चालवू द्यावं का? गूगल आणि डीपमाइंड यांनी २०१६ मध्ये हजारो सेन्सरांच्या नोंदींवर शिकवलेली प्रणाली वापरून शीतकरणाची वीज ४० टक्क्यांपर्यंत कमी केल्याचं जाहीर केलं. तंत्र खरं आहे आणि ते सगळीकडे पसरावं. पण ज्या इमारतीत सेन्सरच वर्षानुवर्षं तपासून घेतलेले नाहीत, तिथे अशी प्रणाली चुकीच्या आकड्यांवर झटपट निर्णय घेईल. आधी मीटर दुरुस्त करावेत.

शेवटी उरते ती परीक्षा, खरी वीज तोडून घेतलेली. जनरेटर दर महिन्याला दहा मिनिटं रिकामा चालवला की नोंदवहीत टिक होते. त्यातून त्याची स्टार्टर बॅटरी जिवंत आहे एवढं कळतं, आणि जनरेटर सुरू न होण्याचं नेहमीचं कारण ती बॅटरीच असल्याने तेही थोडं नाही. पण पूर्ण भार घेऊन तो चार तास चालेल का, टाकीत साठलेल्या डिझेलमध्ये पाणी आणि गाळ धरला आहे का, वरच्या टाकीपर्यंत डिझेल चढवणारा पंप कुठल्या विजेवर आहे, हे त्यातून कळत नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या ७५ ब्रॉड स्ट्रीट या इमारतीत जनरेटर उंचावर सुखरूप होते, इंधनाचा पंप तळघरात पाण्याखाली गेला. माणसांनी जिन्यात रांग लावून सतरा मजले बादल्यांनी डिझेल चढवलं. परीक्षेतही धोका असतो हे खरं. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टमध्ये आयएनजी बँकेने आग विझवणाऱ्या वायूची चाचणी घेतली, तर तो सुटतानाच्या प्रचंड आवाजाने हार्डडिस्कच निकामी झाल्या आणि सेवा दहा तास बंद राहिली. पण ती चाचणी ठरवलेल्या दिवशी, माणसं जागेवर असताना झाली. तीच गोष्ट खऱ्या आगीच्या रात्री कळली असती तर काय झालं असतं, याचा विचार करावा.

तुम्ही नागरी बँकेचे संचालक असाल, इस्पितळाचे विश्वस्त असाल, किंवा तुमच्या कारखान्याचा हिशेब कुणाच्या तरी डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या रॅकवर असेल, तर त्यांनी दाखवलेल्या पडद्यांवर आणि प्रमाणपत्रांवर थांबू नका. तीन गोष्टी लेखी मागा: बाहेरची वीज खरोखर तोडून, पूर्ण भारावर शेवटची चाचणी कधी घेतली, त्या चाचणीत काय काय बिघडलं, आणि ते दुरुस्त केल्याची नोंद कुठे आहे. 'काहीच बिघडलं नाही' असं उत्तर आलं, तर चाचणी कशी घेतली ते पुन्हा विचारा, आणि पुढच्या वेळी आपला माणूस तिथे उभा करा.